नव्वद दिवस हात लावू नये

जावयाला या सगळ्यातून मिळणार होतं ते एवढंच: दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, खोलीला खिडकी आणि खिडकीखाली हात धुण्याचं पांढरं बेसिन. खोलीबरोबर प्रयोगशाळेच्या प्रमुखाची खुर्ची होती, दारावर पाटी होती, पगारही थोडाफार हलणार होता. पण खरं विचाराल तर त्याचा जीव अडकला होता त्या बेसिनमध्ये. त्याचा नळ कोपराने उघडायचा आणि कोपरानेच बंद व्हायचा. म्हणजे धुतलेल्या हाताने पुन्हा त्याच घाणेरड्या नळाला शिवायला नको. असा नळ शोधून काढणारा माणूस या जगात होऊन गेला, हे कळल्यापासून त्याला जग थोडं राहण्यासारखं वाटू लागलं होतं.

आणि त्या बदल्यात द्यायचं काय? त्याच्या मते, सोमवारचा अर्धा तास. बस.

कारखाना बादल्यांचा होता. बादल्या, टब, मग, झाकणं. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात गेलं की साचा गार करावा लागतो, आणि ते काम पाणी करतं. पाणी साच्यातून तापून निघायचं, छपरावरच्या मनोऱ्यात जाऊन गार व्हायचं, आणि जमिनीखालच्या चरात टाकलेल्या लोखंडी पाइपांतून पुन्हा साच्याकडे यायचं. उडून जाईल तेवढं नवं घालायचं, बाकी तेच पाणी वर्षानुवर्षं गोल फिरत राहायचं. अशा पाण्यात जंतू धरतात, म्हणून त्यात थेंबथेंब औषध सोडलेलं असायचं. आणि पाणी लोखंडाला किती खातंय हे कळावं म्हणून बोटाएवढ्या चार लोखंडी पट्ट्या वजन करून पाइपाच्या बगलेला जोडलेल्या एका नळीत टांगलेल्या असायच्या. नव्वद दिवसांनी त्या काढायच्या, साफ करायच्या, पुन्हा तोलायच्या. जेवढं वजन घटलं तेवढं लोखंड गेलं. पाइप कापून बघता येत नाही, म्हणून पट्टी. पाइपाचं जे व्हायचं ते पट्टीचं व्हायला हवं, एवढाच त्यातला मुद्दा.

शिवाय दर सोमवारी नळी उघडून पट्ट्या नुसत्या बघायच्या आणि रजिस्टरमध्ये 'पट्टीची स्थिती' या रकान्यात एक शब्द लिहायचा. आताचे प्रमुख, म्हणजे ज्यांची खुर्ची रिकामी होणार होती ते, वर्षानुवर्षं आपल्या गिचमिड अक्षरात लिहीत आले होते: 'बुळबुळीत'. 'फार बुळबुळीत'. 'काळपट, वास.' प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखाली असलेल्या जावयाकडे हे काम आलं आणि त्याने ते रजिस्टर पहिल्यांदा चाळलं, तेव्हा त्याला वाटलं, या माणसाला नुसती घाण चालत नाही, ती लिहून ठेवायलाही चालते.

पहिल्या सोमवारी तो चरात उतरला तेव्हा पँटचे पाय मोज्यांत खोचून उतरला. नळी उघडली आणि पट्टी वर आली. तिच्या टोकाला शेंबडासारखी एक लांब तार लोंबत होती. ती तुटेना. लांबत गेली, लांबत गेली, आणि मग त्याच्या मनगटावर पडली. कोमट होती. कोमट असेल असं त्याला वाटलं नव्हतं. पट्ट्यांच्या खोक्यावर सूचनांचा एक कागद चिकटवलेला होता, तोही ओला, गिळगिळीत झालेला. त्याने तो चिमट्याने धरला, पहिली ओळ वाचली, 'पट्ट्या टांगण्यापूर्वी वजन करावे', आणि उरलेल्या ओळींसकट केराच्या डब्यात टाकला.

पुढच्या सोमवारी तो स्पिरिटची बाटली आणि कापूस घेऊन उतरला. चारही पट्ट्या पुसल्या. दोन्ही बाजूंनी, कडांनी, टांगायच्या भोकातूनसुद्धा कापसाची वात फिरवली. पट्ट्या चमचमल्या. वर येऊन त्याने रकान्यात सुंदर अक्षरात लिहिलं: 'स्वच्छ'. तो दिवस त्याचा फार चांगला गेला.

कारखान्यात त्याला साबणराव म्हणत. तोंडावर नाही, पण तोंडापासून फार लांबही नाही. साबण वापरायच्या आधी हा साबण धुतो, असं मशीनवरची माणसं सांगायची, आणि ते खोटं नव्हतं. पट्ट्यांना आंघोळ घालतो हे कळलं असतं तर त्यांनी आणखी एक नाव ठेवलं असतं. म्हणून पुसण्याचं काम तो एकट्याने करायचा. बघणारा तसा एकच होता: झडप उघडून द्यायला येणारा फिटर. आणि फिटर म्हणजे त्याचे सासरे.

सासऱ्यांची या कारखान्यात एकतीस वर्षं झाली होती. जावयाला नोकरी लागली ती त्यांच्या शब्दावर. घरी तो त्यांना बाबा म्हणायचा आणि कारखान्यात मिस्त्री. हा बदल फाटकाच्या आत पाऊल पडताच आपोआप व्हायचा. सासऱ्यांनीही हिशोब चोख ठेवला होता. घरी जावईबापू, कारखान्यात साहेब.

"साहेब, जरा सरका. झडप उघडतोय, उडेल."

"मिस्त्री, हळू उघडा."

"हळूच उघडतोय. एकतीस वर्षं हळूच उघडतोय."

"बरं, आता जा तुम्ही वर. बाकीचं मी बघतो."

सासरे वर जायचे. पोराला आता चराची सवय झाली, असं त्यांना वाटायचं, आणि ते खुशीत पान्याने पाइपावर दोनदा ठोकत जायचे. त्या पान्याबद्दल सांगायला हवं. कारखान्याची एक जुनी रीत होती: फिटर नावावर डाग न लागता निवृत्त झाला की त्याच्या नंबरावर असलेला पाना त्याला द्यायचा, घरी न्यायला. भाषण नाही, हार नाही, पाना. सासऱ्यांच्या पान्याचे दात एका बाजूने झिजून गुळगुळीत झाले होते आणि मुठीवर त्यांच्या बोटांचे खळगे पडले होते. त्यांना दीड वर्षाने निवृत्त व्हायचं होतं. पाना ठेवायला घरी खिळे आतापासूनच ठोकून झाले होते.

*

रविवारी ते मुलीकडे जेवायला यायचे. मागच्या नळाजवळ त्यांच्यासाठी वेगळा साबण ठेवलेला असायचा, लाल, कपडे धुण्याच्या वडीएवढा. तो कोणी ठेवला हे घरात कोणी कधी बोललं नाही. सासरे मुकाट्याने कोपरापर्यंत घासून यायचे, तरी नखांच्या कडांना काळी रेघ राहायचीच. जावई जेवताना त्या रेघांकडे बघायचा नाही म्हणायचा आणि बघायचाच.

"अहो, कापूस परत संपला?" बायको म्हणाली. "महिन्याला दोन गुंडाळ्या लागतात या घरात. जखम कोणाला झालीये?"

"लॅबमध्ये लागतो."

"लॅबमध्ये कापूस देत नाहीत?"

"तो कापूस घाण असतो."

सासरे मोठ्याने हसले. मग पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "चरात वास यायला लागलाय. कुजक्या अंड्यांचा."

"बाबा, जेवताना!"

"पोरी, वास जेवणाची वेळ बघून येत नाही."

"पट्ट्या तर आरशासारख्या आहेत," जावई म्हणाला.

"तेच तर कळत नाही. पट्टी आरसा आणि पाइपाला वास." सासऱ्यांनी आपल्या वाटीतल्या दुधावरची साय बोटाने हलकेच हलवली. "पूर्वी औषध विकणारा एक माणूस यायचा, त्याने मला असं दाखवलं होतं. ही साय समजा. पाइपाच्या आत असा थर धरतो. त्यात जंतू राहतात, लाखांनी, एकमेकांना धरून, आपल्याच लाळेचं घर बांधून. वरचे असतात ते पाण्यातली हवा खातात. सगळी खातात. खाली कणभर पोचू देत नाहीत. मग खाली कोण जगणार? ज्यांना हवा नकोच असते ते. ते तिथे अंधारात बसतात, पाण्यातलं गंधकाचं काहीबाही खातात, हा वास सोडतात आणि लोखंडाला लागतात. वरून बघाल तर थर कसा शांत. आणि खाली," त्यांनी सायीत बोट घातलं, "भोक."

जावयाने आपली वाटी पुढे सरकवली. त्याला दूध नको होतं. बहुधा पुढचे काही महिने नको होतं.

"सगळाच थर वाईट नसतो हं," सासरे बोट चाटत म्हणाले. "पातळ असला, सारखा पसरलेला असला, तर कधी कधी लोखंडाला पांघरूणच होतो. पण ढेकूळ धरलं की संपलं. म्हणून तर थर बघत राहायचा. तुमचे प्रमुख, जुने साहेब, काय लिहायचे? बुळबुळीत. मी म्हणायचो, बुळबुळीत ना, मग औषध वाढवा. वाढवायचे."

"आता बुळबुळीत नाही बाबा."

"हो ना. तुमचा पायगुण."

जावयाला यातला टोमणा कळला नाही, कारण सासऱ्यांनी तो मारलाच नव्हता. ते खरंच बोलत होते.

*

वर्ष संपलं तेव्हा जावयाने अहवाल केला. चार पट्ट्या, चार तिमाह्या, आणि वजनातली घट इतकी कमी की त्याला स्वतःलाच अभिमान वाटला. शेवटी त्याने एक सूचना जोडली: लोखंडाची झीज नगण्य असल्याने पाण्यातील औषधाचे प्रमाण निम्मे करण्यास हरकत नाही.

मोठ्या साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. मोठे साहेब म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक. त्यांच्या खिशात कायम अत्तर लावलेला रुमाल असायचा, आणि खाली मशीनवर जायचं झालं की तो खिशातून नाकावर यायचा.

"निम्मं? अहो, हे तुमच्या प्रमुखांना इतक्या वर्षांत सुचलं नाही."

"ते दर आठवड्याला बुळबुळीत लिहायचे, सर."

"आणि तुमच्या काळात?"

"स्वच्छ."

"मग झालं तर!" साहेबांनी सही ठोकली. "पट्ट्याच सांगतायत म्हटल्यावर मी कोण नको म्हणणारा? तुमचे प्रमुख लवकरच मोकळे होतायत. ती वरची खोली पाहिलीत ना तुम्ही?"

पाहिली होती. दोन वेळा, प्रमुख जेवायला गेले असताना. एकदा नळसुद्धा चालवून पाहिला होता, कोपराने.

औषध निम्मं झालं. पहिले दोन महिने काही घडलं नाही, म्हणजे दिसलं नाही. चरातला वास चराच्या जाळ्यांमधून वर येऊ लागला. मशीनवरच्या बायका पदर, ओढणी, जे असेल ते नाकाला लावायच्या आणि एकमेकींकडे संशयाने बघायच्या. सासऱ्यांनी तीन वेळा तोंडी सांगितलं. तिन्ही वेळा प्रयोगशाळेने पट्ट्या दाखवल्या. जावई सोमवारी चुकत नव्हता. आता तर पट्टीवर आठवड्याभरात पूर्वीच्या दुप्पट थर धरायचा, खाली काळा, वर पिवळट, कुठेकुठे केस उगवल्यासारखा. त्याला दुप्पट कापूस लागायचा, एवढाच त्याने त्याचा अर्थ घेतला.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला तिसऱ्या नंबरच्या मशीनखालचा पाइप फुटला.

फुटला म्हणजे आधी नुसती एक पिचकारी. पेन्सिलीएवढी जाड, चराच्या जाळीतून सरळ वर, छताच्या पत्र्यापर्यंत. मग ते छोटंसं भोक फाटलं आणि आतलं सगळं बाहेर आलं. पाणी काळं होतं. नुसतं काळं नव्हे, त्यात कातड्यासारखे तुकडे होते, लोळे होते, एखाद्या मेलेल्या जनावराचं पोट उघडावं तसे. एका दवाखान्यासाठी केलेल्या पांढऱ्या बादल्यांची रास तिथे छताला लागली होती. पहिल्या दहा मिनिटांत त्यातली एकही पांढरी राहिली नाही. वास असा सुटला की एकजण पळता पळता ओकला आणि त्याच्यामागून पळणारा त्यात घसरला. जावई जिन्याच्या पाचव्या पायरीवर उभा होता. त्याच्या बुटावर काहीतरी पडलं, मऊ. त्याने खाली बघितलं नाही.

सासरे मात्र चरात उतरले. कमरेपर्यंत त्या राड्यात उभे राहून त्यांनी झडप बंद केली, पाइपाचा फुटलेला भाग चाचपला आणि तिथूनच ओरडून सांगितलं, "जोड शाबूत आहे!"

मोठे साहेब आले ते रुमालासकट. चरापासून सात पावलांवर थांबले.

"इथला जोड कोणी केला होता?"

"मी," सासरे चरातून म्हणाले. "दोन वर्षं झाली. पण भोक जोडाला नाही साहेब. जोडापासून वीतभर लांब आहे. या, बघा ना."

साहेब बघायला पुढे आले नाहीत. कोणी आलं नाही. ती वीतभर जागा बघायची तर त्या घाणीवर वाकावं लागलं असतं. साहेबांनी मान वळवून जिन्याकडे पाहिलं.

"आपलं पाणी तर ठीक आहे ना?"

पाचव्या पायरीवरून उत्तर आलं, "पट्ट्या स्वच्छ आहेत, सर."

"मग पाणी ठीक. पाणी ठीक तर पाइप ठीक. राहिलं काय?" साहेबांनी रुमालाआडून बोट चराकडे केलं. "शुक्रवारी चौकशी घेतो. तोवर मिस्त्रींनी कशालाही हात लावू नये."

चरात उभ्या असलेल्या माणसाला, ज्याचे दोन्ही हात काळ्या लगद्यात कोपरापर्यंत बुडाले होते, त्याला हे सांगितलं गेलं. तरीही त्याने जायच्या आधी फुटका तुकडा करवतीने कापून घेतला.

*

गुरुवारी संध्याकाळी सासरे मुलीकडे आले. रविवार नसताना पहिल्यांदाच. मागच्या नळाकडे गेले नाहीत. सरळ स्वयंपाकघरात आले, ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलं आणि पिशवीतून हातभर लांबीचा, उभा चिरलेला पाइपाचा तुकडा काढून त्यावर ठेवला.

"बाबा!" जावई भिंतीला जाऊन टेकला. "ओट्यावर?"

"ओट्यावर. बसा जावईबापू. बसा असं."

पाइपाच्या आत गाठी होत्या. नारिंगी, खरखरीत, चामखिळीसारख्या एकीला लागून एक. सासऱ्यांनी खिशातला चाकू काढला आणि एक गाठ टोकाने उचकटली. वरचं कवच बिस्किटासारखं मोडलं. आत काळा मलम होता, चकचकीत, ओला. त्याचा वास स्वयंपाकघरात शिरला आणि भिंतींना चिकटला. बायकोने नाकाला हात लावला नाही. तिने वाकून बघितलं. सासऱ्यांनी तो काळा मलम बोटाने पुसून काढला, आणि खाली एक खळगा निघाला, वाटीसारखा गोल, आत आणखी एक खळगा, त्यात आणखी एक. तळाशी भोक. चाकूचं टोक आरपार गेलं.

"हा माझा जोड." त्यांनी तुकड्याचं दुसरं टोक फिरवलं. "नवा असल्यासारखा आहे. हा हाताचा दोष नाही. हे खालून खाल्लेलं आहे. जंतू वर्ष-दीड वर्ष खात होते, आणि गेल्या काही महिन्यांत मोकाट खाल्लंय. आता मला एवढंच सांगा, जावईबापू. त्याच पाण्यात टांगलेली तुमची पट्टी. तिच्यावर यातलं काहीच कसं नाही?"

जावयाला खरंच कळत नव्हतं. आणि मग कळू लागलं, पायांकडून वर, गार पाण्यासारखं.

कळलं ते त्याच्या आधी त्याच्या बायकोला. ती पाइपाकडे बघत होती, मग नवऱ्याकडे बघू लागली.

"अहो," ती म्हणाली. "कापूस."

"काय कापूस?"

"दर सोमवारी कापूस नेता तो कशाला?"

चाकू ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला.

"घाण होती," जावई म्हणाला. "लोंबत होती. मी पुसायचो. नुसतं पुसायचो, दुसरं काही नाही."

"दर सोमवारी?" सासऱ्यांनी विचारलं.

"दर सोमवारी."

सासऱ्यांनी काळं बोट वर्तमानपत्राला पुसलं. मग अगदी हळू, समजावून सांगावं तसं म्हणाले, "घाणच तर मोजायची होती, जावईबापू. खोक्यावर कागद लावलेला असतो. नव्वद दिवस हात लावू नये. मला वाचून दाखवला होता जुन्या साहेबांनी."

जावयाला तो कागद आठवला, आणि केराचा डबा, आणि चिमटा.

"उद्या चौकशी आहे," बायको म्हणाली. एवढंच. सांगा असं ती म्हणाली नाही, आणि सासरेही म्हणाले नाहीत. ते तुकडा तिथेच ठेवून गेले. जाताना दारात थांबून त्यांनी मुलीला विचारलं, "खिळे दोन ठोकलेत. पुरतील ना गं? जड आहे पाना."

*

शुक्रवारी चौकशी दहाला होती. जावई साडेआठला मोठ्या साहेबांच्या खोलीत होता. त्याने सगळं सांगितलं. कापूस, स्पिरिट, बावन्न आणि वर काही सोमवार. तो कागदसुद्धा. सांगताना त्याचा आवाज कापत होता आणि आपला आवाज कापतोय याचं त्याला मनातून बरंही वाटत होतं.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग टेबलाच्या खणातून अहवाल काढून त्याच्यासमोर ठेवला.

"खाली सही कोणाची आहे?"

"माझी."

"त्याच्या खाली?"

"तुमची, सर."

"औषधाचा खर्च निम्मा केला म्हणून मी वर, मालकांना, काय कळवलं असेल? ते वाचून वरच्यांनी मला काय कळवलं असेल?" साहेब खुर्चीत मागे रेलले. "पट्ट्या पुसायचात हे कोणाला माहीत आहे?"

"घरी."

"मग घरी राहू द्या. तुम्ही मला सांगितलंत, तुमचं काम झालं. पुढचं ओझं माझं. औषध उद्यापासून पूर्ववत, नव्हे दुप्पट. आणि मिस्त्रींना तसंही तीन आठवडे उरलेत, त्यांना काय फरक पडतो? एक कागद. कोण वाचणार आहे?"

आता या ठिकाणी जावयाला एक वाक्य बोलता आलं असतं. बाहेर रजिस्टर होतं, त्यात प्रत्येक सोमवारी 'स्वच्छ' होतं, आणि त्या शब्दापुढे 'पुसून' एवढंच लिहायला पाच मिनिटं पुरली असती. दहा वाजता चौकशीला चार माणसं बसणार होती, त्यांच्यापुढेही तेच बोलता आलं असतं. पण त्याने सत्य सांगायला नेमका असा माणूस निवडला होता की ज्याला ते पुरून टाकण्याची त्याच्याहून जास्त गरज होती. निवड चुकून झाली नव्हती. साहेब 'घरी राहू द्या' म्हणाले तेव्हा त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं, आणि ते काय होतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

दहा वाजता तो चौकशीला बसला. विचारलं तेवढं सांगितलं. विचारलं एवढंच: पट्ट्यांची स्थिती काय होती? सासरे समोर बसले होते, हात मांडीवर ठेवून. धुतलेले होते.

"स्वच्छ," जावई म्हणाला.

सासऱ्यांनी मान खाली घातली नाही. त्यांनी जावयाकडे बघितलं, जरा कुतूहलाने, उचकटलेल्या गाठीकडे बघावं तसं.

घरी आल्यावर जावयाने बायकोला सांगितलं, "मी साहेबांना सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. त्यांनी दाबलं."

"कधी सांगितलंत?"

"साडेआठला."

"आणि दहाला?"

तो हात धुवायला गेला. घरच्या बेसिनच्या वर, त्याच्या साबणाच्या शेजारी फळीवर, पाइपाचा तो तुकडा ठेवलेला होता. नारिंगी गाठी, काळे खळगे, त्यातून खाली ओघळून वाळलेली एक रेघ. वास होताच.

"हे इथे कशाला?" तो ओरडला. "फेकून दे ते!"

"हात लावायचा नाही त्याला," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "नव्वद दिवस तरी."

*

तर शेवटी कोणी काय भरलं ते असं. कारखान्याने तीनशे फूट नवा पाइप भरला आणि दवाखान्याच्या बादल्या फिरून केल्या. मोठ्या साहेबांचा एक रुमाल गेला, तोही धुवून परत आला. जावयाला दुसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली, खिडकी मिळाली, नळ कोपराने उघडतो. घरी मात्र तो आता मागच्या नळावर हात धुतो, लाल साबणाने, कारण बेसिनपाशी त्याला उभं राहवत नाही. नव्वद दिवस कधीच होऊन गेले, तुकडा तिथेच आहे. रविवारी ताट वाढलं जातं तेव्हा एक जागा रिकामी असते आणि बायको ती भरत नाही.

बाकी सगळं सासऱ्यांनी भरलं. एकतीस वर्षांवर एक कागद, 'जोडकामात निष्काळजीपणा', आणि त्या कागदामुळे पाना स्टोअरमध्ये जमा. तो आता नव्या फिटरच्या नंबरावर आहे. मुठीवरचे खळगे त्याच्या बोटांना बसत नाहीत, म्हणून त्याने त्यावर चिंधी गुंडाळली आहे. सासऱ्यांच्या भिंतीवर दोन खिळे आहेत.